अन्वर गेल्यावर रेडिओ बोलला

बोर्ली पंचतन, मंगळवार, डिसेंबर १९६३

रेडिओ लागला. आज, नेमका आजच.

सकाळी अन्वरला दिघीच्या धक्क्यावर सोडून आलो. त्याच्या मामाच्या ओळखीनं तो जहाजावर नोकरीला चालला आहे, आमची शाळा अर्धवट टाकून. नवा रेडिओ आम्हा दोघांना कुठला परवडायला? पावसाळ्यापासून जुन्या बाजारातले सुटे भाग जमवून आम्ही माझ्या भाड्याच्या खोलीत सेट जोडत होतो. स्पीकरला खोकं मिळेना, तेव्हा त्यानंच घरचा जुना माठ आणला आणि स्पीकर त्याच्या तोंडावर बसवला. मी हसलो होतो. लाँच सुटताना ओरडला, "सेट बोलला का मला कळव रे!" मी हात हलवला.

संध्याकाळी सहज तारा तपासल्या. एक जोड सुटला होता. कथलाचा डाग दिला, बॅटरी लावली, आणि माठातून कुणा बाईचं गाणं आलं. भरदार, खोलीभर. माठाची युक्ती खरी ठरली. "अन्वर, ऐक!" मी मोठ्यानं म्हणालो. वेड्यासारखा.

भिंतीपलीकडून घरमालकीण काकूंनी विचारलं, "कोण आलाय रे?"

"कोणी नाही, काकू. रेडिओ लागला."

"बरा वाजतो हो," त्या म्हणाल्या आणि पुन्हा भाकऱ्या थापायला लागल्या.

इतके महिने या आवाजाची वाट पाहिली, आणि दुसरं गाणं लागलं तसा तो मला एकट्याला ऐकवेना. सेट बंद केला आणि काकूंच्या चुलीपाशी जाऊन बसलो.