पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

तनुजाला तिच्या नवऱ्याने, संपतने शोधून काढलं!

सकाळी संस्थेच्या कल्याणीताईंचा फोन. खराडीतल्या त्या खोलीवर काल दुपारी गेला. कडी उचकटली, तिचा हात पिरगाळला. शेजारच्या बायका गोळा झाल्या म्हणून पळाला. मनगटाला सूज आहे, मोडलेलं नाही. तिला लगेच दुसरीकडे हलवलंय. कुठे ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मग त्यांनी शांतपणे विचारलं, "हा पत्ता कुणाकुणाला माहीत होता, सत्यशीलाताई?"

तिघींना. तनुजाला, कल्याणीताईंना, मला. आणि माझ्या कॉम्प्युटरला.

४ फेब्रुवारी

सतरा बायका. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या. कोण कुठे राहते याची यादी संस्थेच्या येरवड्याच्या ऑफिसात ठेवत नाही, कारण तिथे दिवसभर माणसांची ये-जा. म्हणून ती कोथरूडला माझ्या घरी. निवृत्त शिक्षिका, अक्षर नीट, टायपिंग येतं. तीन वर्षं हे काम करते आहे. मला त्याचा अभिमान होता.

कल्याणीताई आज म्हणाल्या, "पासवर्ड काय आहे तुमचा?" आणि लगेच, "नको, सांगू नका. किती जणांना माहीत आहे तेवढंच सांगा."

मी बोटं मोजली. मी. आमचे हे, हिंमतराव. आमचा मुलगा केयूर. दुरुस्तीला आलेला तो माणूस. खालच्या मजल्यावरच्या गोदाबाई — पेन्शनचा कागद छापायला येतात.

पाच बोटं संपली. आणि स्क्रीनच्या कडेला मीच चिकटवलेली चिठ्ठी! विसरू नये म्हणून.

ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

५ फेब्रुवारी

केयूरला फोन केला. तो खराडीलाच असतो, कंपनीत कॉम्प्युटरची सुरक्षा बघतो. जुना पासवर्ड सांगितला — हिंमत आणि पुढे एक-दोन-तीन-चार.

"आई, हा पासवर्ड आहे की दारावरची पाटी?"

ईमेलला तोच. बँकेला तोच. शिवणाच्या क्लासला नाव नोंदवलं तिथेही तोच. "म्हणजे एका किल्लीत सगळं घर," म्हणाला. "त्या क्लासवाल्यांकडून फुटला तरी तुझी यादी उघडी."

मग तासभर शिकवणी. लांब हवा. चार-पाच शब्द, एकमेकांशी संबंध नसलेले. घरातल्यांची नावं नकोत, वाढदिवस नकोत, गावाचं नाव नको. पाठ असलेली ओवीही नको — "तुला पाठ आहे ती दहा लाख लोकांना पाठ आहे." प्रत्येक ठिकाणी वेगळा. ते सगळे एका तिजोरीत ठेवणारा प्रोग्रॅम त्याने घालून दिला. तिजोरीचा पासवर्ड मात्र डोक्यात. वर फोनवर आकडे येतात, तेही टाकायचे. ते आकडे कुणी मागितले तर द्यायचे नाहीत, मागणारा बँकेचा साहेब असला तरी.

शब्द सुचेनात! जो सुचावा तो कशाला तरी चिकटलेला. माहेर, शाळा, केयूरची बालवाडी. शेवटी डोळे मिटून शब्दकोशात चार ठिकाणी बोट ठेवलं.

चिठ्ठी फाडली. डिंकाचा डाग राहिलाय.

७ फेब्रुवारी

तीनदा चुकला. मीच बाहेर! माझ्याच कॉम्प्युटरच्या दारात अर्धा तास बसून राहिले. चौथ्यांदा उघडला.

यादीला आता स्वतःचा वेगळा पासवर्ड. उठून पाणी प्यायला गेले तरी स्क्रीन बंद करून जाते. परत येते, उघडते, सगळी नावं आहेत ना ते बघते. पुन्हा बंद. सकाळपासून हेच चाललंय.

कल्याणीताई सगळ्यांनाच हलवायचं म्हणतात. चौघींच्या मुलांच्या परीक्षा तोंडावर आल्यात. एकीने विचारलं म्हणे, "आता कुठवर पळायचं?"

९ फेब्रुवारी, रविवार

हिंमतराव सकाळी कॉम्प्युटरवर बसले. उघडेना.

"बदललास?"

"हो."

"काय ठेवलास?"

"सांगता येणार नाही."

हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. "चौतीस वर्षांनंतर?" एवढंच. उठून गॅलरीत गेले.

त्यांच्यासाठी वेगळं खातं करून दिलं. त्याला हातही लावला नाही.

आणि मला आता सारखं आठवतंय. दिवाळीनंतर संपत इथे आला होता. माझं नाव त्याला कुठून कळलं कोण जाणे. मी दार उघडलं नाही. हे खाली गेले आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर त्याला चहा पाजून आले! वर येऊन म्हणाले, "रडत होता गं. एकदा बोलायला तर द्या. नवरा-बायकोत तिसऱ्याने पडू नये."

तेव्हा आमचं भांडण झालं, मिटलं.

मिटलं होतं का?

११ फेब्रुवारी

यादी याआधी कधी कधी उघडली गेली ते बघता येतं का, केयूरला सहज विचारलं. कसं बघायचं ते त्याने फोनवर सांगितलं.

संपत तनुजाच्या खोलीवर जाण्याआधीची शेवटची वेळ: एकोणतीस जानेवारी. सकाळी अकरा.

त्या दिवशी मी येरवड्याला होते. वहीत लिहिलेलं आहे. घरी हिंमतराव एकटे.

जेवताना विचारलं. घास हातातच राहिला त्यांचा. "सोसायटीची नोटीस शोधत होतो. चुकून उघडली असेल."

"चुकून? आणि चारच दिवसांत संपत तिच्या दारात?"

ताट सरकवलं. अमरावतीची बोली यांच्या तोंडी आता फक्त रागात येते — "मले चोर समजून रायली काय तू?"

मी म्हटलं, "चोर नाही. भोळे. चोरापेक्षा वाईट."

हे मी म्हटलं. जसंच्या तसं लिहून ठेवते.

१२ फेब्रुवारी

बॅग घेऊन गेले. निरोप नाही. दुपारी केयूरचा फोन — "बाबा इकडे आलेत. काही बोलत नाहीत. तू काय म्हणालीस त्यांना?"

सांगितलं. तो म्हणाला, "आई, फाइल कुणी उघडली ते कळतं. पत्ता कुणी दिला ते त्यातून कळत नाही."

मला ते पटलं नाही. बापाची बाजू घेतोय, असंच वाटलं.

१४ फेब्रुवारी

येरवड्याला जाऊन कल्याणीताईंना सांगून टाकलं. "पत्ता आमच्याच घरातून गेला."

त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाही. पण यादी आता तुमच्याकडे नको."

बरोबरच आहे. बसमध्ये चष्मा पुसत बसले, उतरायचा थांबा गेला.

१७ फेब्रुवारी

यादी दिली. फाइल त्या स्वतः पेनड्राइव्हवर घेऊन गेल्या. पासवर्ड नंतर, वेगळा, तोंडी सांगितला. मग माझ्याकडची पुसून टाकली. अकरा जणी हलल्या, सहा जणी हलायला तयार नाहीत.

आता या कॉम्प्युटरवर लग्नाचे फोटो आणि लाइट बिल. त्याला एवढा मोठा पासवर्ड!

दोघांचं जेवण करते, एकटी जेवते. केयूर म्हणतो, बाबा सकाळी फिरायला जातात, दुपारपर्यंत येत नाहीत.

१८ फेब्रुवारी

काही नाही. फोनही नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तनुजाचा फोन. आवाज खोल गेलेला.

"बाई, यादी तुमच्याकडून काढून घेतली असं कळलं. माझ्यामुळं. मला राहवेना."

तिची सोनू आठ वर्षांची, संपतकडेच राहिली आहे. जानेवारीत तिचा वाढदिवस होता. तनुजाने शाळेच्या पत्त्यावर पत्र टाकलं. पोरीला उत्तर लिहिता यावं म्हणून पाकिटामागे स्वतःच्या हाताने खोलीचा पत्ता घातला. "बोलले असते तर संस्थेनं काढून टाकलं असतं, अशी भीती वाटली. दप्तरात सापडलं असणार त्याला."

मी विचारलं, "सोनूचं उत्तर आलं?"

"नाही. तो आला."

तिच्यावर रागवले नाही. माझ्यात आता कुणावर रागवायची ताकद नाही.

हिंमतरावांना हे फोनवर सांगता येणार नाही. खराडीला निघाले आहे.