घरी कोण हाय?

काका, मी भ्याले आहे, आणि हे सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही जिथं पुस्तकं द्यायचात, नांदेडच्या त्या वाचनालयाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मी मात्र अजून पुस्तकांचीच नावं सांगत फिरते. कादंबऱ्या लिहिल्या, त्यांच्यासाठी भांडले, आणि प्रत्येक भाषणाच्या शेवटी लोकांना काय वाचायचं ते सांगितलं. उमरीपासून देवणीपर्यंत माझ्या शब्दावर पुस्तक विकत घेणारी माणसं आहेत. याचा मला कालपर्यंत अभिमान होता.

गेल्या आठवड्यात लातूरच्या एका क्लासमध्ये बोलले. समोर सगळी डॉक्टर व्हायला आलेली, हॉस्टेलात राहणारी पोरं. मी पेटलेच. म्हणाले, प्रश्नसंच सोडवून माणूस कळत नाही. जी कादंबरी झोप उडवत नाही, ती हातातही घेऊ नका. मग तुमची गोष्ट सांगितली, नेहमी सांगते ती. लोह्याहून नांदेडला येऊन मी खोली करून एकटी राहत होते. एक दुःखाची कादंबरी मागितली, तर तुम्ही चष्म्यावरून बघत विचारलंत, "घरी कोण हाय तुझ्यासंग?" कोणी न्हाई म्हटल्यावर पुस्तक पुन्हा कपाटात. पोरं खूप हसली. भाषण संपल्यावर देवणीकडची एक बारीक अंगाची मुलगी जवळ आली, काय वाचू म्हणाली. मी तिला माझी पहिली कादंबरी दिली, सहीखाली फोन नंबर लिहून. त्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर नायिका गोदावरीत उतरते आणि परत येत नाही.

काल रविवारी तिचा मेसेज आला. "वाचून झालं मॅडम. तिनं केलं ते बरोबरच केलं ना?" मी पाहीपर्यंत तिचा फोन बंद. आज सकाळीही बंद. क्लासवाल्यांकडून वॉर्डनबाईंचा नंबर मिळवला, तर त्या उचलत नाहीत. मी टेबलाशी बसून तेच पान उघडते. हे पान मी कितीदा स्टेजवरून वाचलं आहे, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आहेत. आज ते निम्म्यावरच मिटलं. काका, ते पान इतकं सुंदर का लिहिलं मी?

लातूरची बस गाठायला पायात चप्पल घातली तेव्हा वॉर्डनबाईंचा फोन आला. त्या हसतच होत्या. "अहो मॅडम, फोन आमच्याकडं जमा असतेत. रविवारी तेवढे देतो. पोरगी मेसमधी जेवायलीय, देऊ का?"

द्या म्हटलं. मुलगी फोनवर आली. मी रागावले का, असं तिनं विचारलं. माझ्या तोंडून तुमचाच प्रश्न बाहेर पडला, "खोलीत कोण हाय तुझ्यासंग?"

"कोणी न्हाई. दोघी गावाकडं गेल्यात." मग म्हणाली, "मॅडम, वाचल्यापासून मला झोप लागंना."

तिनं केलं ते बरोबर नव्हतं, एवढंच मला बोलता आलं. वॉर्डनबाईंना म्हटलं, आज तिची गादी दुसऱ्या मुलींच्या खोलीत टाका. उद्या मी येते.

दुःखाची कादंबरी वाचलीच पाहिजे, हे मी उद्याही ठणकावून सांगेन. पण तुमच्या गोष्टीचा पुढचा भाग मी कधी सांगत नाही, कारण त्यावर कुणी हसत नाही. कपाटात ठेवलेलं पुस्तक तुम्ही पुन्हा काढलंत आणि समोरच्या बाकाकडे बोट दाखवलंत. "हितं बसून वाच. मी हाय." वाचनालयाची वेळ संपली तरी तुम्ही दार ओढलं नाही. शेवटच्या पानाशी मी रडत होते, तेव्हा तुम्ही मान वर केली नाही. नुसता चहा सांगितलात.

उद्या त्या मुलीजवळ असंच बसायचं आहे. ती बोलली तर ऐकायचं, नाही तर चहा सांगायचा. हा कागद त्याच कादंबरीत ठेवून देते. ते पान आज मला शेवटपर्यंत वाचता आलं नाही. शेजारच्या वहिनींच्या भांड्यांचा आवाज यावा म्हणून मी दार उघडं टाकून बसले आहे. तुम्ही विचारलं असतंत तर खरं सांगितलं असतं. घरी कोणी न्हाई, काका.