उसवून शिवलेली भाषा

ता. ४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की आपण दोघी भांडतो आणि भिंगरी कान लावून ऐकते, म्हणून पत्र. माझे दिवस भरत आलेत. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे.

तुझ्या फोनवर मी इथल्या भाषेचं ॲप घालून दिलं, त्यात तू काय केलंस ते मला इथे बसून दिसतं. चौथ्या धड्यावर घोडं अडलंय ते अडलंयच. अगं, तू बाळंतपणाला इथे येशील, पण मी दवाखान्यात गेले की हे माझ्यापाशी असणार आणि भिंगरीपाशी तू एकटी. तुझ्या नातीला मराठीचं अक्षर कळत नाही (त्यावरून पुन्हा बोलू नकोस). आजवर ती माझ्याशिवाय झोपलेली नाही. रडायला लागली तर तू तिला काय सांगणार? हात जोडते, रोज एक धडा कर.

बाबांच्या गुडघ्याला शेक देत जा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
लेक

ता. १३ मार्च

चि. सौ. मास्तरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

छडी पोचली. चार धडे केले की मी! त्यात हत्ती सफरचंद खातो आणि राजाचा कोट निळा आहे. तुझ्या दारात हत्ती बांधला असेल तर आधी कळव.

शिवण मी कुठल्या क्लासात शिकले नाही. तुझ्या आत्याचा चांगला झगा उसवला, तुकडे मांडले, पुन्हा शिवला. बाही उलटी लागली, आत्याने बरेच दिवस अबोला धरला, पण हात बसला तो बसला. भिंगरी फोनवर बडबड करून पाठवते ना, ती मी तशीच उसवते. आवाज हळू करून ऐकते, शब्द सुटे करते, अडलं तिथे फोनला अर्थ विचारते. मग त्याच तुकड्यांचं माझं वाक्य शिवून तिला पाठवते. शिलाई वाकडी गेली की ती खो खो हसते आणि नीट करून परत पाठवते. तुझ्या ॲपला हे दिसत नाही, त्याला मी काय करू?

एक फजिती मात्र झाली. विहीणबाईंचा फोन आला, मी त्यांच्या भाषेत छान विचारपूस केली आणि शेवटी म्हटलं, मला शू लागली, मी पळते. भिंगरी दर वेळी असंच म्हणून फोन ठेवते, मला वाटलं तिकडची निरोपाची रीतच असेल. तेवढा अर्थ विचारायचा राहिला.

बाबा मजेत, गुडघा रुसलेला. जपून राहा, आणि रागावलीस तरी प्रेम तेवढंच ठेव.

तुझी,
आई

ता. २२ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सासूबाई अजून हसताहेत. म्हणाल्या, विहीणबाई अगदी पाच वर्षांच्या मुलीसारख्या बोलतात. मला नाही हसू आलं. लागतील ती सगळी वाक्यं लिहून फ्रिजवर लावलीत, आल्या आल्या पाठ कर. विमानात स्वेटर हाताशी ठेव. बाबांना नमस्कार. तुझी वाट पाहते, फार पाहते.

तुझी,
लेक

ता. २ एप्रिल

चि. सौ. मास्तरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद, छोट्या पाहुण्याला गोड पापा.

जावईबापू डबा न्यायला आलेत, त्यांच्या हाती ही चिठ्ठी देते. काल तुम्ही दवाखान्यात गेलात आणि संध्याकाळी भिंगरी बूट घालून दाराशी जाऊन बसली. आई हवी म्हणून रडून लाल झाली. मी तुझ्या यादीतलं सगळं विचारलं, भूक लागली का, ताप आहे का, पोट दुखतं का. ती आणखीच रडायला लागली.

फोन आत चार्जिंगला होता. तो आणायला उठले नाही. तिच्याशेजारी खाली बसले आणि माझ्या शिवलेल्या भाषेत सांगितलं, तुझी आई माझी मुलगी आहे, मलाही ती हवी आहे.

रडं थांबलं. तिने माझं वाक्य नीट करून दिलं, मी पुन्हा म्हटलं. मग म्हणाली, "आजी, तू चुकीचं बोलतेस. पण मला कळतं."

आणि बूट काढून माझ्या हातात दिले.

यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती बाळाचं चित्र काढते आहे. लोभ असू द्यावा, मास्तरीणबाई. धडा मात्र आता विचारू नये.

तुझी,
आई