बीव्हर, मी आणि मोरीवरचा रस्ता

८ सप्टेंबर
फोटोकॉपी मशीन विकायची नोकरी सोडून एम.ए. करतोय त्याला वर्ष झालं. पर्यावरण आणि शाश्वत विकास. वर्गात सगळ्यात थोरला मीच. माझ्या गाईड कॉर्मिये मॅडमसुद्धा माझ्याहून बऱ्याच लहान. तरी मी त्यांच्याकडून मोकळ्या मनाने शिकतो, आणि त्या चुकल्या की तेही मोकळ्या मनाने सांगतो.

प्रबंधाचा विषय पक्का: 'बीव्हर आणि माणूस: सहजीवनाचा यशस्वी नमुना'. मॅडम म्हणाल्या, अहो ड्वेन, अभ्यास सुरू व्हायचाय अजून, 'यशस्वी' आत्तापासून? म्हटलं, राहू द्या. बदलणार नाही.

११ सप्टेंबर
घरामागच्या ओढ्यात खुंट ठोकले, त्यात फांद्या विणल्या. अर्धवट बांध तयार. तत्त्व सोपं आहे. बीव्हरला असा बांध दिसला की तो दातांनी झाडं पाडतो आणि बांध पुरा करतो. पाणी साठतं, पूर थांबतो, बदकं येतात, मला डिग्री मिळते.

नगरपालिकेकडून पाटी मिळवली: 'संशोधन चालू. बांधाला कोणीही हात लावू नये.' मॅरिएटने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं, कोणीही म्हणजे तूपण ना? दुर्लक्ष केलं.

२ ऑक्टोबर
आले! जोडी आहे!

फक्त एवढंच, की माझ्या बांधात न राहता ते खाली, ओढा रस्त्याखालून जातो त्या मोरीत राहिलेत. मोरीचं तोंड बुजवून झकास बांध घातलाय. त्यासाठी माझ्याच बांधातल्या फांद्या उपसून नेल्या. म्हणजे माझ्या कामाची दखल घेतली गेली. मॅडमकडून एवढी कधी घेतली गेली नाही.

पाटी मोरीपाशी नेऊन लावली.

१० ऑक्टोबर
काल थँक्सगिव्हिंगला (आमच्याकडे हा सुगीचा सण ऑक्टोबरातच असतो) व्हर्ना स्टीव्हज जेवायला होती. आमची शेजारीण, एकटी राहते. आमच्या रस्त्यावर आमचं घर आणि तिचं, एवढंच. गावात जायचं तर मोरीवरूनच. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. टर्की समजून बटाट्यात सुरी घालत होती.

म्हणाली, माझ्या सफरचंदाला काही करणार नाहीत ना रे ते? मी खात्री दिली. बीव्हरला पॉपलर आवडतं, सफरचंद नाही. व्हर्ना म्हणाली, मशीन विकतानाही तू असंच सांगायचास, कागद अडकणार नाही म्हणून.

मॅरिएट गरजेपेक्षा जास्त हसली.

१७ ऑक्टोबर
व्हर्नाचं सफरचंदाचं झाड पाडलं. तिच्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षी लावलेलं.

झाड म्हातारं होतं. शिवाय वाकलेलं. एका झाडावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे.

व्हर्ना काठी टेकत आली, बुंध्यावरून हात फिरवत उभी राहिली. मग म्हणाली, कसा दिसतो रे तो? मला तर काही दिसत नाही. मी सांगितलं: ढब्बू, तपकिरी, शेपूट चपटी, सतत कामात. ती म्हणाली, म्हणजे माझ्या थोरल्या दिरासारखा. हसली नाही मात्र.

माफी मागावी का, असा विचार आला. संशोधक माफी मागत नाही, नोंद करतो. नोंद केली.

५ नोव्हेंबर
पाऊस. रस्त्यावर घोट्याएवढं पाणी. मॅडम पाहणीला आल्या. त्यांच्या बुटात पाणी गेलं. विचारलं, बीव्हरचं सगळं आहे, माणसांच्या नोंदी कुठायत? मी म्हटलं, माणूस सध्या जुळवून घेतोय. त्या बूट उलटा करून पाणी ओतत होत्या. पटलं असावं.

१३ नोव्हेंबर
पाऊस थांबायला तयार नाही. रस्त्यावर गुडघाभर. उद्या व्हर्नाचं डोळ्याचं ऑपरेशन, मंक्टनला. वर्षभर थांबून तारीख मिळालीय. चुकली की पुन्हा रांगेच्या शेवटी.

नगरपालिकेला फोन केला. माणूस म्हणाला, आमची सगळी पोरं पुराच्या कामाला नदीवर आहेत. आणि कोणीही हात लावू नये ही पाटी तुमचीच ना, साहेब? 'साहेब' खवचटपणे म्हणाला.

घाबरण्याचं कारण नाही. घरी कनू आहे, अरुंद होडी. व्हर्नाला होडीतून पलीकडे नेऊ, तिथून टॅक्सी. बांधाला धक्का नाही. यालाच सहजीवन म्हणतात. दुपारी तालीम घेतली. कनू उलटली. सुदैवाने व्हर्ना आत नव्हती.

मॅरिएट होती. बोलत नाहीये.

१४ नोव्हेंबर
सकाळी व्हर्नाकडे गेलो. कोट, टोपी घालून, पर्स मांडीवर घेऊन दारातच बसली होती. मी पाण्याचं सांगितलं. ती म्हणाली, असू दे रे ड्वेन. वर्ष काढलं, आणखी एक काढीन. तुझी परीक्षा आहे. राहू दे बिचाऱ्यांना.

मला भयंकर राग आला. कोणाचा ते समजलं नाही.

पहार घेतली आणि मोरीत उतरलो. पाणी बर्फासारखं. साले काय बांधतात! चिखल, दगड, फांद्या, त्यात सफरचंदाच्याही. एक उपसली की मागे दुसरी. हात फाटले. मॅरिएट न बोलता येऊन शेजारी उतरली. दोघांनी ओढलं तेव्हा एकदम सगळं सुटलं आणि पाणी धडाडत गेलं. पाटीही गेली.

रस्ता मोकळा. मॅरिएटने ओल्या कपड्यांतच गाडी काढली. व्हर्नाने खिडकीतून हात हलवला, मी उभा होतो त्याच्या विरुद्ध दिशेला.

प्रबंधात याला 'लवचीक व्यवस्थापन' म्हणेन. माघार मुळीच नाही.

२ डिसेंबर
व्हर्नाला एका डोळ्याने लख्ख दिसतं. मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, अरे देवा, तू एवढा थकलायस हे कोणी बोललंच नाही मला! मग ओढ्याकडे पाहत बसली. म्हणाली, मला बघायचे होते रे एकदा.

बीव्हर गेलेत. त्या दिवसापासून दिसले नाहीत. म्हटलं, येतील.

माफी मागितली. झाडाची. नोंद केली नाही.

२२ एप्रिल
तोंडी परीक्षा. परीक्षक म्हणाले, चौदा नोव्हेंबरचं प्रकरण उत्तम, बाकीचं कापा. मी ठणकावलं, तो अपवाद आहे, सिद्धांत नाही! एक ओळ कापणार नाही! मॅडम हळूच म्हणाल्या, ड्वेन, तुम्ही पास झालायत, आता बसा.

बसलो. कापणार नाही.

६ मे
कापलं.

१९ मे
पर्यावरण सल्लागाराच्या जागांसाठी अर्ज केले होते. मंत्रालयं, संस्था, दोन विद्यापीठं. सगळ्यांना माझी भीती वाटलेली दिसते. नगरपालिकेला नाही वाटली. पद: 'शाश्वत जलनिचरा सहायक'. पदव्युत्तरांना प्राधान्य. आज पहिला दिवस.

मुकादमाने छातीपर्यंतचे रबरी बूट आणि लांब दांड्याचा आकडा दिला. म्हणाला, मिल रोडच्या मोरीत बीव्हरने बांध घातलाय, उपस. मी स्पष्ट सांगितलं, हे माझ्या तत्त्वात बसत नाही, मी याच विषयात एम.ए. आहे. तो म्हणाला, म्हणूनच तर घेतलं तुला. जेवणाच्या सुट्टीआधी होईल ना?

मी म्हटलं, बघतो.

झालं. सुट्टीच्या आधीच.