आबांचं पाणी

असोद्याच्या घरी, ती. आईला हितेंद्रचा रोमहून वाकून नमस्कार.

मी बरा आहे. खोली चांगली आहे, तांदूळ मिळतो. काम झाडलोटीचं, जमिनीखालच्या जुन्या ख्रिस्ती कबरींमध्ये. घाबरू नकोस, आत दिवे असतात.

त्या काळी ख्रिस्ती असणं गुन्हा होता; राजाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकला की माणूस सुटायचा. यांच्यातले काही जण नाही म्हणाले आणि जिवाला मुकले. तू म्हणशील, "टाकी देयाचा ना बापा, मनातला देव कोन पाह्यतो?" मलाही तसंच वाटायचं.

एका कबरीवर नाव नाही. घरच्यांना ओळखू यावी म्हणून ओल्या चुन्यात कोणीतरी शिंपला दाबलाय. झाडताना मी तिथे थांबतो. इथे बोलायला दुसरं कोण आहे?

काल आखाजी होती, पितरांना पाणी द्यायचा दिवस. आबा गेल्यावरची पहिली घागर मुलाने भरायची, आणि मुलगा इथे. मयुरीने सासरहून येऊन भरली का? घागरीवर डांगराचं फळ ठेवलं? सांजोऱ्या केल्यास, की एकटीपुरत्या कशाला म्हणून राहू दिल्यास?

मी बाटलीत पाणी भरून शिंपल्यापुढे ठेवलं, आबांच्या नावाने. इथे काही ठेवायला मनाई आहे. साहेब आला. "पूजा करतोस?" म्हणाला.

मी म्हटलं, "नाही, माझं प्यायचं पाणी आहे." आणि त्याच्यासमोर सगळं पिऊन टाकलं.

नोकरी शाबूत आहे, काळजी करू नकोस. आबांना फक्त माझ्या वाटचं एक तांब्या पाणी दे.

तुझा,
हितेंद्र