वसमतचा बुक मॉल मी चालवते

३ डिसेंबर २००८, बुधवार

अन् वर ही प्रतिक्षा मलाच म्हणते, मावशी, तुमी गिऱ्हाइकाशी बोलू नका. मी न्हाई बोलायचं तर कोण बोलायचं? ती स्वतः काउंटरवर बसून दिवसभर मोबाईलवर बोटं मारून राहती. मॅनेजर सोमेश्वरसर आत कॉम्प्युटरमधी मुंडी घालून बसतात. अन् समोर ती एमपीएससीवाली चार पोरं. सकाळी दहाला येतात, कोपऱ्यातल्या खुर्च्या धरतात, जाड जाड पुस्तकं फुकट वाचतात, वहीत उतरून घेतात, पाच वाजता अंग मोडत निघून जातात. गिऱ्हाईक हायत का पाव्हणे? आज सरळ विचारलं, बाबांनो, घ्यायचं हाय का न्हाई? एक म्हणे, काकू, घ्यायची ऐपत असती तर वाचायला इथं आलो असतो का? प्रतिक्षा खुदकन हसली. मला काही हसू आलं न्हाई.

उद्या खुर्च्या उचलणार.

५ डिसेंबर, शुक्रवार

खुर्च्या माळ्यावर टाकल्या. तिथंच गेल्या सालच्या न विकलेल्या डायऱ्यांचा गठ्ठा पडला होता. त्यातली एक सरांना विचारून घेतली, तीच ही. छापलेल्या वारावर काट मारून खरा वार लिहिते. परवाचं पान आठवून लिहिलं. तिसरी शिकलेली बाई डायरी लिहिते म्हणून घरी मालक हसले. हसू द्या. शेळ्यांच्या मागं फिरणाऱ्याला ऑफिसचं काम काय कळणार.

आज पुण्याहून हेड ऑफिसचं पत्र आलं. 'शब्दनगर बुक मॉल'ची बावीस दुकानं होती, त्यातली पाच बंद केली. परभणीचं बी गेलं. आपलं वसमतचं एकतीस मार्चपर्यंत बघणार, गिऱ्हाईक वाढलं तर ठेवणार, न्हाईतर कुलूप. सरांचं तोंड उतरलं. प्रतिक्षा रडायला लागली. म्या म्हटलं, रडून काय होतं? चार महिने हायत. मी हाय ना.

सर आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसले. त्यांना धीर आला असणार.

९ डिसेंबर, मंगळवार

माझं काम कागदावर साफसफाई अन् पाणी भरणे. पण सकाळी शटर मी उघडते, संध्याकाळी मी ओढते. कुरुंद्याहून पहिल्या एसटीनं येते. चार वर्षांत एकदा खाडा, तो बी लेकीच्या, सीमाच्या लग्नाचा. मधी सगळं दुकान माझ्या नजरेखाली. मग चालवतं कोण?

गावात बी सगळे तसंच म्हणतात. नर्मदाबाईच्या लेकाचं नोकरीचं पत्र आलं तर ती माझ्याकडं वाचून घ्यायला आली. आधी तिच्या दारात मी ताक मागायला जायचे. आता ती मला खाट टाकते. दुकान बंद झालं तर पुन्हा शेळ्या अन् पुन्हा ताक. ते होणं न्हाई.

२२ डिसेंबर, सोमवार

एमपीएससीवाले यायचे बंद झाले. दुकान कसं मोकळं अन् स्वच्छ दिसतं.

त्यांच्यासंगं येणारे दोन प्रोफेसर बी यायचे बंद झाले. ते का, ते कळलं न्हाई. थंडी हाय.

लेकरांच्या गोष्टीच्या पुस्तकांना सुतळी बांधली, दहा-दहाचा गठ्ठा. लेकरं उघडून बघतात, पानं चोळामोळा होतात. आता बघतच न्हाईत. सर म्हणे, मावशी, बघितल्याशिवाय घेतील कसे? म्या म्हटलं, साडीच्या दुकानात काय नेसून बघतात का?

१ जानेवारी २००९, गुरुवार

नवं साल. ठरवलं : एक, रोज दहा नवी गिऱ्हाइकं आणायची. दोन, कुणावर ओरडायचं न्हाई. तीन, प्रतिक्षावर बी न्हाई.

दुपारी तिसरं मोडलं. चूक तिची होती.

१२ जानेवारी, सोमवार

मला लई भारी सुचलं. वसमतमधी पुरुष पुस्तक घेत न्हाईत, कारण बायका घेऊ देत न्हाईत. मग बायकांनाच आणायचं. संक्रांतीचं हळदीकुंकू मॉलमधी ठेवायचं! बायका येतील, एसीत बसतील, पुस्तकं बघतील, घरी जाऊन मालकाच्या मागं लागतील. सरांना सांगितलं. सरांनी कपाळ चोळलं. मग म्हणे, करा मावशी, न्हाईतरी काय. म्हणजे त्यांना बी पटलं.

एसटीत, मोंढ्याच्या बाजारात, नळावर सगळीकडं सांगितलं. नर्मदाबाईला सांगितलं, आमच्या दुकानात या.

१६ जानेवारी, शुक्रवार

हे लिहू का नको? लिहिते.

बायका आल्या. त्रेचाळीस! एवढी गर्दी उद्घाटनाला बी नव्हती. लाईट गेली म्हणून एसी न्हाई, पण कुणाची कुरकुर न्हाई. म्या एकेकीला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, अन् बघायला म्हणून हातात एकेक पुस्तक दिलं. बारकं दिलं तर दुकानाची लाज जाईल म्हणून जाड जाड निवडून दिली. एकीनं पुस्तक कपाळाला लावलं अन् पदरात घेतलं. दुसरीनं घेतलं. मग सगळ्यांनीच घेतलं. म्हणे, मनकर्णाबाई, वाण लई मोठं दिलं तुमी, आमी आपल्या चहाची गाळणी देतो. अन् नमस्कार करून चालल्या.

मी दारात उभी होते. अडवायचं कसं? सवाष्णीच्या पदरात पडलेलं वाण मागून घेतं का कुणी? जीभ उचलली न्हाई. माझी! नर्मदाबाई इंग्लिश डिक्शनरी घेऊन गेली. जाताना म्हणे, पुढच्या साली कॉम्प्युटरचं द्या, नातवाला पाहिजे.

प्रतिक्षा कपाळाला हात लावून बसली. सर आत गेले अन् दार लावून घेतलं.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी शटर उघडायच्या आधी पायरीवर अजून वीस बायका. वाण संपलं म्हणून सांगितलं. एक म्हणे, आत तर एवढी पडलीत. शटर अर्धंच उघडलं दुपारपर्यंत.

सरांनी त्रेचाळीस पुस्तकं कागदावर 'पाण्यानं खराब' म्हणून लिहिली. मला ओरडले न्हाईत. एवढंच म्हणे, मावशी, आता आणखी काही सुचलं तर मला आधी सांगा. मी सांगितलंच होतं. पण जाऊ द्या.

एक फायदा झाला. त्रेचाळीस घरात आपलं नाव गेलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

त्या त्रेचाळीसमधली एक बी आली न्हाई.

काउंटरवर अभिप्रायाची वही हाय, गिऱ्हाईक त्यात लिहितं. जोडाक्षर लई, मला तकलीफ होते, म्हणून प्रतिक्षाला वाचायला सांगितलं. ती म्हणे, नको मावशी. म्या म्हटलं, वाच. तिनं वाचलं. 'येथील बाई पाठीमागे उभ्या राहतात.' 'बसायला खुर्ची नाही, बाई पाणीही विचारत नाहीत.' 'दुकान चांगले, बाई सोडून.' अशी सात-आठ. आता बाई म्हटलं तर प्रतिक्षा बी बाईच हाय ना. म्या तिला समजावलं, वाईट वाटून घेऊ नको, सुधार. तिनं वही मिटली.

नांदेडचं दुकान बंद झालं म्हणून फोन आला. सोळा राहिली.

१६ मार्च, सोमवार

हळद निघाली. मोंढ्यात बैलगाड्या अन् टेम्पोच टेम्पो. ह्या दिवसात शेतकऱ्याच्या खिशात पैसा असतो, लेकरांची पुढची पुस्तकं ह्याच दिवसात घेतो. सर चार महिन्यात पहिल्यांदा हसले. म्हणे, मावशी, हे पंधरा दिवस साधले तर आपण वाचलो.

मी साधणारच. पण एक बघितलं. हळद उकडून, वाळवून आलेल्या माणसाची बोटं पिवळी. तीन पुस्तकांवर पिवळे ठसे! पिवळं पुस्तक कोण घेणार? दारात बादली, साबण अन् टॉवेल ठेवला. हात धुवा, मग आत या. अशी शिस्त पुण्यात बी नसंल.

१९ मार्च, गुरुवार

आमच्या गावचे बजरंगभाऊजी आले, मालकांच्या चुलत्याचा मुलगा. पोरीला बारावीची सायन्सची पुस्तकं पाहिजेत, सगळा संच. केवढं मोठं गिऱ्हाईक! म्या म्हटलं, भाऊजी, आधी हात. त्यांनी धुतले. पिवळेच. पुन्हा धुवा म्हटलं. पुन्हा पिवळेच. तिसऱ्यांदा म्या दगड दिला घासायला. महिनाभराची हळद, ती काय साबणानं निघती! मग म्या म्हटलं, तुमी दारात थांबा, मी एकेक पुस्तक लांबून दाखवते.

भाऊजींनी टॉवेलला हात पुसले. हळू आवाजात म्हणे, वहिनी, संक्रांतीला हळद लावून बायका बोलावल्या, अन् आता हळद लागली म्हणून मला दारात उभं केलं? ही काय घाण हाय? देवाला चालती, तुमच्या दुकानाला चालंना?

गेले. स्टँडजवळच्या टपरीवरून सगळा संच घेतला, माझ्या डोळ्यासमोर. टपरीवाल्यानं पिवळ्या हाताशी हात मिळवला.

माझी चूक न्हाई. शिस्त ती शिस्त. बादली उद्या थोडी आत सरकवीन.

२३ मार्च, सोमवार

मोंढ्यात बोभाटा झाला. मॉलमधी शेतकऱ्याला हात घासायला दगड देतात म्हणे. काल-आज मिळून तीन गिऱ्हाइकं. त्यातला एक पत्ता विचारायला आला होता.

घरी मालक म्हणे, मनकर्णे, माझ्या शेळ्या दिवसभर हाकलल्या तरी दिवस मावळता परत येतात, तुझं गिऱ्हाईक काहून येईना? अन् स्वतःच हसले. मी जेवले न्हाई. भूक नव्हती म्हणून.

बादली उचलली. खुर्च्या बी माळ्यावरून काढल्या, पुसून कोपऱ्यात मांडल्या. त्या पोरांना निरोप पाठवला, या म्हणून. ती आता नगरपालिकेच्या वाचनालयात बसतात. म्हणे, तिथं कुणी विचारत न्हाई.

दिवसभर चार खुर्च्या रिकाम्या. मीच एकीवर बसले. मग उठले. कुणी बघितलं असतं तर?

२५ मार्च, बुधवार

हेड ऑफिसचा फोन. एकतीसची वाट बघणार न्हाईत. शनिवारी ट्रक.

अजून तीन दिवस हायत. उद्या पाडव्याआधीची खरेदी, काही सांगता येत न्हाई.

२८ मार्च, शनिवार

ट्रक सकाळी सातलाच आला. पुण्याचे दोघं होते, काळा चष्मा घातलेले. शटर म्या उघडलं. पुस्तकं खोक्यात, खोकी ट्रकमधी, अकरापर्यंत मांडण्या उघड्या. म्या सुतळी बांधलेले लेकरांचे गठ्ठे मात्र लगेच उचलले गेले. पुण्यावाला म्हणे, हे कुणी बांधलं? चांगलं काम. चार वर्षांत हेड ऑफिसनं माझं हे एवढंच कौतुक केलं.

प्रतिक्षा माझ्या गळ्यात पडली. म्या तिला म्हटलं, सरळ उभी राहत जा.

किल्ली सरांच्या हातात दिली. सर लातूरला जाणार, मोबाईलच्या दुकानात लागले. किल्ली घेताना म्हणे, मावशी, तुमी मनाला लावून घेऊ नका.

१ एप्रिल, बुधवार

चार रात्री झाल्या, झोप न्हाई.

मी काही बोललेच नव्हते. मी रडले न्हाई, मला वाईट वाटलं असं म्हटलं न्हाई. मग मनाला लावून घेऊ नका असं काहून म्हणाले? ज्याचा दोष असतो त्यालाच असं म्हणतात. प्रतिक्षाला न्हाई म्हणाले. तिला म्हणाले, अभ्यास कर.

परभणीचं बंद झालं, नांदेडचं बंद झालं, तिथं कुठं मी होते? तिथं बादली होती का? एवढी दुकानं मी एकटीनं बंद पाडली का? मालकांना विचारलं तर ते शेळीचा पाय बघून राहिले, वर बघितलंच न्हाई. नर्मदाबाई वाटेत भेटली, ताक लागलं तर ये म्हणे. खाट टाकली न्हाई.

प्रतिक्षाकडून सरांचा लातूरचा पत्ता आणला. हे पान फाडून पाकिटात घालते.

सोमेश्वरसर, नमस्कार. मी मनकर्णा. तुमी कॉम्प्युटरमधी सगळं बघत होते, कधी किती गिऱ्हाईक आलं, कधी कमी झालं. खुर्च्या उचलल्या त्या आधी किती अन् नंतर किती. हात धुवायची बादली ठेवली तेव्हा किती. ते सगळं तुमाला ठाऊक हाय. मला गोड बोलू नका, मावशी-मावशी करू नका. वसमतचं दुकान माझ्यामुळं गेलं का न्हाई, एवढंच लिहा. मोठ्या अक्षरात लिहा, जोडाक्षर नको, मी दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणार न्हाई. आज बुधवार. सोमवारी, सहा तारखेला, पोस्टमन दुपारी दोनला कुरुंद्यात येतो. मी पारावर थांबते. तोपर्यंत उत्तर आलं पाहिजे.