केशवराव उमाळे यांच्या सतरा चित्रांबाबत

मी, किशोर खुशालराव अरबट, वय २९, धंदा फ्रेम बसवणे व जलरंगात चित्रे काढणे, राहणार जठारपेठ, अकोला, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस न घालता स्वतःच्या अक्षरात हे लिहून ठेवतो. येत्या सोमवारी नागपुरात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. मला ते जमत नाही.

१. मौजे बोरखडी, तालुका दर्यापूर येथील शेतातला माझा हिस्सा मोठा भाऊ श्याम याला द्यावा. त्याने आईला, माणिकबाईला, नीट सांभाळावे. मी दहावीत नापास झालो तेव्हा श्याम म्हणाला होता, "आता रंगव लोकायच्या बैलायची शिंगं." ते मी विसरलो नाही. दर पोळ्याला त्याच्याच बैलांची शिंगे मी रंगवली, हे त्यानेही विसरू नये.

२. काच कापायचा हिरा, करवत व मोजपट्ट्या समोरच्या फ्रेमच्या दुकानातल्या धर्मपालला द्याव्यात. त्याने माझी गिऱ्हाइके पळवली. पण काच तो माझ्याहून सरळ कापतो.

३. जलरंग मला केशवराव उमाळे सरांनी शिकवले. सर मूळचे बाळापूरचे, भाजी पिकवणाऱ्या माळ्याच्या घरातले. अमरावतीच्या एका शाळेत एकतीस वर्षे चित्रकला शिकवली आणि प्रत्येक सुट्टीला सायकलीला चित्राचा पाट बांधून बाहेर पडले. बाळापूरचा किल्ला, पूर्णेचा काठ, चिखलदऱ्याचे उतार, कापसाची वेचणी संपलेली काळी वावरे. मुंबईच्या एका गॅलरीने "रंग जरा भडक ठेवा" असे कळवले, तेव्हा सरांनी त्या पत्राला ब्रश पुसले. उन्हाळ्यात आमच्याकडे रंग पसरायच्या आत वाळतो, म्हणून ते सकाळी सात ते नऊच काढत, आणि आभाळ एका दमात. माझे पहिले आभाळ पाहून म्हणाले, "किशोर, हे आभाळ हाय का वाळू घातलेलं धोतर?" सरांना जाऊन दोन वर्षे होतील.

४. सरांच्या पत्नी आशाबाई, म्हणजे आमच्या काकू, यांनी अमरावतीत प्रदर्शन भरवण्यासाठी त्यांची एक्केचाळीस चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवायला मला दिली. चोवीस झाली. मग दुकानात नळाचे पाणी संपले, म्हणून उरलेली सतरा घेऊन मी गावी गेलो आणि घरच्या बोअरच्या पाण्यात मैद्याची खळ शिजवली. आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. ते पाणी आम्ही पीत नाही, त्यात डाळ शिजत नाही, हे मला लहानपणापासून माहीत. खळीच्या वेळी मात्र डोक्यात आले नाही. तीन महिन्यांनी सतराही आभाळांतून पांढरे मीठ फुटले.

काकू दर महिन्याला फोन करत. "झालं का बाप्पा?" "पुठ्ठा नाई आला काकू अजून." अकरा महिने मी हेच सांगितले. काकूंचे वय चौऱ्याहत्तर आहे.

ही चित्रे माझी नाहीत, म्हणून मी ती कोणाला देऊ शकत नाही. ती काकूंकडे परत जावीत. ओल्या फडक्याने पुसू नयेत. मीठ कोरड्या मऊ ब्रशने झटकावे.

५. (हे कलम खोडले आहे.) माझी स्वतःची सर्व चित्रे व पोस्टातली शिल्लक आशाबाई उमाळे यांना भरपाई म्हणून द्यावी.

६. कलम ५ खोडण्याचे कारण. कलम ४ स्वच्छ लिहून काढताना वाटले, हे काकूंनी मी मेल्यावर परक्याच्या तोंडून ऐकायचे का? म्हणून काल सतरा चित्रे घेऊन अमरावतीला गेलो. तोंडाने सांगवेना, तेव्हा हा कागदच वाचून दाखवला. काकूंनी पूर्णेचे चित्र खिडकीशी नेले. उजेडात तिरपे धरले.

"मले वाटलं, तू विकून टाकले. कावून नाई सांगतलं?"

"भीती वाटली काकू."

"मले भेतू, अन् छाती फाडून घ्याले चालला!"

मग त्यांनी विचारले, साक्षीदार कोण? मी वकिलांचे म्हणणे सांगितले, की ज्याला काही मिळणार त्याने साक्ष करू नये.

"मंग माझं कलम खोड. सही मले करू दे."

"पण काकू, भरपाई?"

"ते तू वापस येऊन करशीन. एक्केचाळीसही लावू, मिठासकट. त्या सतराखाली लिहू, चित्र केशवराव उमाळे, खळ किशोर अरबट. लोकायनं इचारलं तं तिथं उभा राहून तूच सांगशीन."

प्रदर्शन मे महिन्यात आहे. आज काकू एसटीने अकोल्याला आल्या आहेत.

७. कलम ५ मधले सर्व आता आईला द्यावे.

हा कागद मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचला व सही केली. खोडलेल्या जागी तिघांच्याही सह्या आहेत.

ठिकाण : अकोला
दिनांक : ११ मार्च २०२५

लिहून ठेवणार : किशोर खुशालराव अरबट

साक्षीदार :
१. पंजाबराव देवराव ढोरे, घरमालक, जठारपेठ
२. आशाबाई केशवराव उमाळे, अमरावती. यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.